चाड्यावरची मूठ

दर १ जुलैला आमच्याकडच्या वर्तमानपत्रात एक फोटो येतोच. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांची जयंती, म्हणून कृषी दिन. कुठल्याशा वावरात तिफण उभी असते, बैलांच्या गळ्यात हार असतात आणि आमदारसाहेब किंवा अध्यक्षसाहेब चाड्यावर मूठ धरून समोर बघत असतात. मी चेहरा नंतर बघते, आधी मूठ बघते. ज्याला पेरायची सवय आहे त्याचं मनगट चाड्याच्या काठाला टेकल्यासारखं खाली असतं, बोटं आत वळलेली असतात आणि नजर बैलांच्या पायांकडे असते. फोटोसाठी का होईना, हात तिथे जातो याचं मला बरंच वाटतं.

ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार आणि चाडं म्हणजे तिच्यावरचं लाकडाचं वाटीसारखं भांडं. त्याच्या बुडाला तीन भोकं असतात आणि त्या भोकांतून तीन पोकळ नळ्या खाली तिफणीच्या तीन फणांपर्यंत जातात. पेरणारा कमरेला बांधलेल्या ओटीतून बी घेतो आणि चालता चालता मुठीतून चाड्यात सोडत राहतो. ज्वारी एकराला चार किलोच्या आसपास लागते. एवढंसं बी एवढ्या रानात सारखं पडायला हवं, तिन्ही नळ्यांत सारखं. मूठ आवळली की तास, म्हणजे फणानं पाडलेली ओळ, रिकामं जातं, सैल झाली की एका जागी गुच्छ पडतो. शेवटची दोन बोटं मिटलेली ठेवायची आणि अंगठा तर्जनीवरून फिरवत राहायचा. बैलांची चाल वाढली की अंगठ्याची चाल वाढली पाहिजे. पेरणीच्या दिवशी काहीच कळत नाही, माती सगळं झाकून घेते. आठ-दहा दिवसांनी कोंब वर आले की मूठ कुणाची होती ते वाटेनं जाणाऱ्यालाही दिसतं.

मला हे आजीनं शिकवलं. माझा हात तिनं आपल्या हाताखाली धरला आणि अख्खं तास तसंच चालवलं. "हात मोकळा ठेव बाई," म्हणाली. "बी आपलं नाई, वावराचं हाय." यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस-पुसदच्या पट्ट्यातलं आमचं गाव. त्या शिवारात तिच्यासारखी पेरणी कुणाची नव्हती, हे मी नातीच्या मायेनं सांगत नाही. मृगाच्या दिवसांत लोक तिला आपल्या वावरातलं पहिलं तास धरायला बोलावून नेत.

आणि तरी आमच्या घराची ओळख गावात तिच्या नावानं कधीच झाली नाही. आमचं घर सभापतींचं घर. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, सतरा वर्षं राजकारणात होते.

ते राजकारणात गेले १९६२ साली. गेले म्हणण्यापेक्षा गावानं नेले. बावीस एकरांचे कास्तकार, शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर मोत्यासारखं. संध्याकाळी लिंबाखाली बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे आणि लोकांचे तगाईचे, म्हणजे सरकारी शेतीकर्जाचे, अर्ज लिहून द्यायचे. तहसीलमध्ये गेल्यावर साहेबापुढे त्यांचा आवाज खाली जात नसे. गावाला तेवढं पुरेसं होतं. आतापर्यंत असा माणूस फार तर गावचा पंच झाला असता. त्याच्या पुढची पायरीच नव्हती.

ती पायरी ज्या समितीनं बांधली तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. १९६० साली महाराष्ट्र झाला, तेव्हा ते महसूलमंत्री होते. सत्ता खाली कशी न्यायची हे ठरवायला त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९६१ च्या मार्चमध्ये तिचा अहवाल आला. देशभर तेव्हा पंचायत राज सुचवणाऱ्या बलवंतराय मेहता समितीचं बोलणं चाललं होतं आणि तिचा भर गटावर, म्हणजे साधारण तालुक्याच्या पातळीवर होता. नाईक समितीनं भर जिल्ह्यावर दिला, जिल्हा परिषदेच्या हातात कामं आणि पैसा द्यायचं ठरवलं आणि आमदार-खासदार तिथे सदस्य नकोत असं सांगितलं. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोठ्या झाडाच्या सावलीत रोप वाढत नाही, हे ज्याला वावरातून कळलेलं आहे त्यालाच असं सुचतं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि पहिल्याच निवडणुकीत आबाजी सदस्य झाले. १९६७ साली पंचायत समितीचे सभापती. दारात बीडीओची, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याची, जीप उभी राहू लागली.

त्या पहिल्या वर्षाबद्दल आजी एकच वाक्य सांगायची. "मृगाच्या तोंडावर निघाले. मले म्हणे, दोन दिवसांत येतो. सतरा वर्सं झाले."

तेव्हा ती तिशीची होती. पदरात तीन लेकरं, गोठ्यात बैलांच्या तीन जोड्या, सालाच्या बोलीवर ठेवलेले दोन सालदार. बाजाराला ती तोवर एकटी कधी गेली नव्हती. सालदाराशी सरळ बोलायची रीत नव्हती, दाराआडून निरोप द्यायचा. त्याच वर्षी सरकीला शेणामातीचा हात लावण्यापासून डवरे कधी काढायचे, कोणत्या तुकड्यात तूर धरायची, सावकाराला किती आणि कधी द्यायचे, इथवर सगळं तिच्यावर आलं. नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती वावरात उतरली. ती पुन्हा दाराआड गेली नाही.

पुढाऱ्यांच्या चरित्रांत मला हीच जागा रिकामी दिसते. शेतकरी पुढारी होतो, सभा घेतो, दौरे करतो, मुंबई-नागपूरला जातो, आणि आपण म्हणतो, मातीतला माणूस. पण पाऊस तर दरवर्षी पडतोच. तो दौऱ्यावर असतो तेव्हा त्याच्या वावरात चाड्यावर दुसऱ्या कुणाची तरी मूठ असते. त्या मुठीचा हिशोब लिहिल्याशिवाय शेतकरी पुढाऱ्याचं आयुष्य अर्धंच लिहिलं जातं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नाईकसाहेबांवर आबाजींचं विलक्षण प्रेम होतं. आमच्या ओसरीत देवांच्या रांगेत त्यांचा फोटो होता. पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या बंजारा तांड्यात १ जुलै १९१३ ला जन्मलेला मुलगा, शिकण्यासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी पायपीट करतो, नागपूरला कायदा शिकतो, अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिलीला सुरुवात करतो. १९४१ साली वत्सलाबाई घाटेंशी जातीबाहेरचं लग्न करतो, ज्या काळात तेवढ्यावरून घरं तुटत. १९४६ मध्ये पुसदचा नगराध्यक्ष. १९५२ साली, वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात असताना, आमदार आणि उपमंत्री. चंद्रपूरकडचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्रिपदावर असतानाच वारले आणि ५ डिसेंबर १९६३ ला ती जागा नाईकसाहेबांकडे आली. ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या जागेवर होते. अकरा वर्षांहून जास्त, सलग. महाराष्ट्रात एवढं सलग कुणीच राहिलेलं नाही.

पण आबाजींना पाठ होती ती शनिवारवाड्यासमोरची १९६५ ची सभा. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं मुख्यमंत्री तिथे भर लोकांत म्हणाले. दिवस टंचाईचे होते. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीची चव लोकांच्या जिभेवरून वर्षानुवर्षं गेली नाही. त्या वाक्यावर पुढे लोकांनी बरंच काही बोलून घेतलं. मला ते वाक्य कास्तकाराचं वाटतं. कास्तकार दर मृगाला हेच करतो. घरात असलेलं-नसलेलं सगळं मातीत टाकतो आणि आभाळाकडे बघत उभा राहतो.

मग आली हायब्रीड ज्वारी. १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण निघाला आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या थैल्या आमच्या तालुक्यापर्यंत पोचल्या. लोक हात लावायला तयार नव्हते. सभापतीनं आधी आपल्या वावरात पेरून दाखवावं, असं ठरलं. आबाजी थैली घेऊन घरी आले आणि आजीनं ती उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली. तिचं म्हणणं साधं होतं. बियाणं घरचं असतं. खळ्यावर उत्तम कणसं निवडून, ती राखेत घालून, गाडग्यात ठेवलेली असतात. दुकानातून आणलेलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा दुकानातूनच आणावं लागणारं बी, याला ती बियाणं म्हणायलाच तयार नव्हती.

शेवटी सहा एकर पेरलं. पेरलं तिनंच. पीक असं आलं की लोक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभे राहत. बुटकी ताटं, त्यावर गच्च भरलेली कणसं. आमच्या त्या सहा एकरांत एवढी ज्वारी आधी कधी झाली नव्हती. पण वाण लवकर येणारा, दाणा भरला तेव्हा पाऊस सरलेला नव्हता. कणसं भिजली, दाणा काळा पडला. भाकर थापताना कडेनं फाटायची. कडबा तर हातभर. "लोकाईच्या पोटाचं झालं," आजी म्हणाली, "पण कडबा नाई तं बैल काय खातीन?"

आबाजींनी तिचा हा प्रश्न पंचायत समितीच्या सभेत जसाच्या तसा मांडला. तो आपल्या बायकोचा आहे हे मात्र सांगितलं नाही. पुढे अनेक वर्षं ते ही गोष्ट सांगत, आणि तेवढ्या जागी आले की थांबत. घरी त्यांनी काळी भाकर कुरकुर न करता खाल्ली. पुढच्या वर्षी आजीनं स्वतःहून सहाचे आठ एकर केले आणि नाल्याकडचे दोन एकर देशी ज्वारीला ठेवले, बैलांसाठी. मला वाटतं, हरितक्रांती नावाची गोष्ट आमच्याकडे खऱ्या अर्थानं त्या दिवशी आली, जेव्हा तिनं कुणी न सांगता तो हिशोब बसवला.

नाईकसाहेबांच्या काळात चारही कृषी विद्यापीठं झाली. पहिलं १९६८ मध्ये राहुरीला. विदर्भात त्यावरून आंदोलन पेटलं होतं, अकोल्यात माणसं गेली होती, आणि मग १९६९ साली अकोल्याला पंजाबरावांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं. मुख्यमंत्री आमचा आणि भांडावं आम्हालाच लागतं, ही सल तेव्हापासूनची. पुढे दांडेकर समितीनं सिंचनाचा अनुशेष कागदावर मांडला तेव्हा ती आणखी खोल गेली. आबाजी याबद्दल बोलायचं टाळत. प्रेम असलेल्या माणसाची उणी बाजू पाहणं त्यांना जमत नसे. मी ते पाहू शकते आणि तरी ओसरीतला तो फोटो आज माझ्या घरात आहे.

१९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, कापूस सरकार घेणार, भाव आधी ठरलेला. आमच्या भागासाठी ही केवढी गोष्ट होती! बोंड फुटल्यापासून पैसा हातात येईपर्यंत जो माणूस दलालाच्या ओट्यावर बसून असायचा, त्याला पहिल्यांदा सरकारी पावती मिळाली. मात्र संकलन केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत. ग्रेडर मूठभर कापूस ओढून पाहणार, प्रत ठरवणार, मग काटा, मग चुकाऱ्याची, म्हणजे पैशांची, वाट. एकेका गाडीचा नंबर यायला तीन-तीन दिवस.

त्यातल्या एका हंगामातली गोष्ट आजी मरेपर्यंत विसरली नाही. थंडीचे दिवस. ती आणि सालदार दोन गाड्या घेऊन रांगेत. दोन रात्री गाडीखाली काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. कापूस भिजला की प्रत उतरते आणि प्रत उतरली की वर्षाची कमाई उतरते. तेवढ्यात कुणीतरी चिठ्ठी घेऊन आलं. सभापतींच्या गाड्या पुढे घ्या. ती चिठ्ठी आबाजींनी लिहिली होती की त्यांच्या नावानं दुसऱ्या कुणी, हे तिनं कधी विचारलं नाही. तिनं बैल जुंपले आणि रांग सोडून पुढे गेली. वजन झालं, पावती झाली. परत निघाली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. रांगेतल्या बाया-माणसं पोती, पासोड्या, अंगावरची धोतरं काढून कापसावर टाकत होती. त्यात आमच्या गावच्या सात गाड्या होत्या. कुणी तिला काही बोललं नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त बैल बाजूला घेतले, तिची रिकामी गाडी जायला वाट करून दिली.

१९७९ च्या निवडणुकीत आबाजी थोडक्यात पडले. कारणं दहा होती, वारंच बदललं होतं. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, ते माझ्या चिठ्ठीनं पडले. त्याच वर्षी १८ ऑगस्टला नाईकसाहेब सिंगापूरला वारले. १९७७ साली ते वाशीमहून खासदार झाले होते. रेडिओवर बातमी आली तेव्हा आबाजी गोठ्यात होते. ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतरची वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहेत. गहुलीनंच आणखी एक मुख्यमंत्री दिला. सुधाकरराव नाईक गावचे सरपंच, मग जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, असे त्याच पायऱ्यांनी वर गेले. आणि आमचा जिल्हा हळूहळू दुसऱ्याच कारणानं ओळखला जाऊ लागला. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी त्यांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. तो दिवस नेमका १ जुलैचा होता. मी तेव्हा सुट्टी काढून गावी गेले होते. टीव्हीसमोर आजी भिंतीला टेकून बसली होती. आबाजींना जाऊन दहा वर्षं झाली होती. बातमी संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मांगं राह्यली तिच्या नावानं वावर हाय का?"

तिला हे सुचलं, कारण तिच्या नावानं होतं. शेतकरी संघटनेची लक्ष्मी मुक्तीची हाक आमच्याकडे आली तेव्हा आबाजी सत्तरीला आले होते. शरद जोशी म्हणत होते, ज्या लक्ष्मीनं वावर सांभाळलं तिच्या नावावर थोडी तरी जमीन करा. आबाजी जन्मभर दुसऱ्या पक्षाचे. तरी ते एक दिवस काही न बोलता पटवाऱ्याकडे गेले आणि चार एकरांचा सातबारा तिच्या नावानं करून आले. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कोणता तुकडा?"

"विहिरीकडचा," आबाजी म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या दोघांनाच ठाऊक असलेलं काहीतरी त्या तुकड्यात होतं. आणि योगायोगानं मलाही ठाऊक होतं, कारण मी तिथे होते.

१९८० चा मृग होता, मी आठ वर्षांची. सभापतिपद जाऊन आबाजी घरी आल्यानंतरची पहिली पेरणी. वावर त्यांच्या ओळखीचं उरलं नव्हतं. आजीनं नाल्याकडचा धुरा हलवला होता, आंब्याखाली नवी वाट पाडली होती, सालदार नवा होता आणि तो त्यांना साहेब म्हणायचा. विहिरीकडच्या तुकड्यात ज्वारी पेरायची होती. बैल जुंपले आणि आबाजी म्हणाले, आज चाडं माझ्याकडे दे. आजीनं एक शब्द न बोलता ओटी सोडली आणि त्यांच्या कमरेला बांधली. मग ती धुऱ्यावर येऊन बसली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच ती पेरणीच्या दिवशी बसलेली दिसली, असं घरातले म्हणायचे. मला आठवतं ते एवढंच, की ती सारखी त्यांच्या हाताकडे बघत होती आणि तिचा अंगठा आपोआप तर्जनीवरून फिरत होता.

दहाव्या दिवशी कोंब वर आले. तुकडा गाडीवाटेला लागून, येणारा-जाणारा पाहणार. एका जागी वीस-वीस रोपांचा गुच्छ, तर पुढे हात-दोन हात उघडी माती. मधलं तास दाट, कडेची दोन रिकामी. आबाजी पहाटेच जाऊन धुऱ्यावर उभे होते. हातात छत्री होती, पावसाची भुरभुर चालली होती, पण छत्री उघडायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

आजीनं नांगे भरायला बायका बोलावल्या नाहीत. एकटीच खुरपं घेऊन उतरली. गुच्छातली रोपं मुळांसकट हलक्या हातानं काढायची, उघड्या जागी बोटानं खळगा करायचा, रोप उभं ठेवायचं आणि भोवतीची माती दाबायची. एक तास झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला ती मागे न बघता म्हणाली, "आयकलं का, तिकडलं धरा." आबाजींनी छत्री धुऱ्यावर ठेवली, धोतर वर खोचलं आणि शेजारच्या तासात बसले. दुपारी मी पाण्याची कळशी घेऊन गेले तेव्हा दोघं अर्ध्या तुकड्यापर्यंत आले होते, आणि आजी त्यांचा अंगठा धरून माती किती दाबायची ते दाखवत होती.